पाण्याला वाट

रत्नागिरी,
चैत्र वद्य पंचमी

ती. स्व. दादास,


तुझं पत्र पोचलं. अण्णांच्या पद्मिनी गाडीला गणपतीपर्यंत रंग लागावा, तळाला डांबराचा आणखी एक जाड हात मारून घ्यावा आणि वरून घालायला तू तिकडून चांगलं वॉटरप्रूफ कव्हर पाठवतोस, असं लिहिलंयस. फोनवर मी एवढंच सांगितलं की काम थांबलंय. का थांबलंय ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

गाडी वरून कशी आहे ते तुला ठाऊक आहे. रंग विटलाय, पण अंग सरळ आहे, कुठे मोठा पोचा नाही. ड्रायव्हरच्या दाराखाली, मागच्या चाकाच्या बाजूला रंगाला सुपारीएवढा फोड आला होता. तेवढं खरवडायचं, पॅच मारायचा आणि रंगाकडे वळायचं, असा आमचा बेत होता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा वाजवत जायला सांगितलं. पुढच्या मडगार्डपासून मागे येताना आवाज खणखणीत येत होता, मधल्या खांबाखाली तो एकदम बद्द झाला. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक तिथे धरला तर चिकटेना. म्हणजे त्या जागी पत्रा नव्हताच. होती ती पुट्टी. कधीकाळी कुणीतरी भोकात भरून, घासून, रंगवून टाकलेली. फोड आला होता तो तिच्या कडेला. खरं भोक तिथून चांगलं वीतभर पुढे होतं.

मग सीट काढल्या आणि रबरी मॅट उचलली. मॅटखालचा नमदा हाताला दमट लागला. पावसाचा थेंब पडून कित्येक महिने झालेत, तरी दमट! त्याखालची डांबरी शीट मिस्त्रींनी पटाशीने एका कोपऱ्यातून सोडवत आणली. वरून ती अखंड, काळीभोर, कुठे चीर नाही. पोटाला मात्र गंजाचे पापुद्रे चिकटून वर आले, आणि ते जिथून निघाले तिथे अंगणातली माती दिसली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा म्हणजे नुसती ती शीटच उरली होती.

दारांचं तेच. प्रत्येक दाराच्या तळाला पाणी निघून जायला लांबट भोकं असतात. आपल्या गाडीची भोकं आधी दिसेचनात; डांबराखाली बुजली होती. सायकलच्या स्पोकने एकेक टोकरलं, तेव्हा आतून काळी ओली माती, आंब्याच्या मोहराचा भुगा आणि गंजाच्या खपल्या पडल्या. दादा, काचेच्या कडेने पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच. कितीही नवं रबर बसवलं तरी थोडं जाणारच. गाडी आखणाऱ्यांनी हे धरूनच तळाला भोकं ठेवलेली असतात. पाणी आत येईल आणि खालून निघून जाईल, असा तो हिशेब असतो. आपण त्यातली जायची वाट बंद केली.

‘आपण’ म्हणजे कोण, ते लिहायला जड जातं. दर मे महिन्यात अण्णा गाडी गॅरेजमध्ये नेऊन तळाला डांबर मारून आणायचे, आठवतं ना? मॅट त्यांनीच बसवून घेतली, कडा चिकटवून, धूळ जाऊ नये म्हणून. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालून ती दोरीने गच्च आवळायचे. त्या काळी गाडीवर जीव असणारा प्रत्येक जण हेच करत होता. पण डांबर काही वर्षांनी कडक होतं, दगड लागून त्याला बारीक चिरा जातात. त्या चिरांतून शिरलेलं पाणी थराच्या मागे अडकून बसतं आणि ते वाळायला हवा तिथे पोचत नाही. माया होती म्हणूनच सगळं इतकं घट्ट बंद केलेलं होतं, आणि गंज नेमका त्या बंद जागांत वाढला.

याचं कारण मी कॉलेजात दरवर्षी मुलांना थेंबभर पाण्यात दाखवते. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केलेला हा प्रयोग. लोखंडाच्या घासलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यात दोन रसायनं घालायची. लोखंड जिथे विरघळतं तिथे निळा रंग येतो, ऑक्सिजन जिथे वापरला जातो तिथे गुलाबी. थोड्या वेळात थेंबाची कड गुलाबी होते आणि मधोमध निळं उमटतं. दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचं कडं धरतं. म्हणजे ज्या कडेला भरपूर हवा मिळते तिथला पत्रा वाचतो आणि हवा कमी पोचते त्या मधल्या जागी लोखंड खाल्लं जातं. शिवाय गंज दिसतो एकीकडे, पत्रा जातो दुसरीकडे. आपल्या दाराखालचा फोड आणि वीतभर दूरचं भोक यांचा संबंध मला त्या थेंबामुळे लगेच कळला. ओल्या मातीखाली, डांबराखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात हेच चालतं. त्यात आपली हवा समुद्राची. सांध्यात बसलेलं मीठ धुतलं जात नाही, आणि हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या पुढे गेली की ते हवेतूनच पाणी ओढून घेतं. म्हणून पाऊस नसतानाही नमदा दमट होता.

एकदा सांध्यात गंज धरला की तो जागाही मागतो. जेवढं लोखंड गेलं त्याच्या कित्येक पट गंज तयार होतो आणि तो आतून दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो. आपल्या दाराखालच्या सांध्यात स्पॉट वेल्डिंगचे टिपके अजून धरून आहेत, त्यांच्या मधला पत्रा मात्र फुगलाय.

तू म्हणशील, खालचा पत्रा आहे, दिसत नाही, वरून दुसरा ठोकून दे. हे मात्र करता येणार नाही. जीपला, ट्रकला खाली वेगळी चॅसी असते, पद्मिनीला नाही. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० पासून या गाडीची रीतच अशी आहे: तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच सांगाडा. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६० च्या दशकात ११०० डी बनू लागली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, रीत मात्र तीच राहिली. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. त्याची ताकद घडीत आहे, बंद पेटीच्या आकारात आहे. पेटी सडली की दारं लोंबायला लागतात, आणि अपघातात माणसाभोवती काही उरत नाही. १९८० साली ब्रिटनमध्ये लान्सिया बीटा या गाडीचं हेच झालं. इंजिन पेलणारी चौकट जिथे धरलेली असते तिथे आतल्या आत गंज लागला, आणि शेवटी कंपनीला लोकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. आपल्याकडे मागचे पाटे सांगाड्याला धरलेले आहेत ती जागा शाबूत निघाली. ती जागा गेली असती तर मी तुला वेगळंच पत्र लिहिलं असतं.

फायबरचं कापड आणि रेझिन लावून भागवावं, असंही तू सुचवलंयस. ते भोक झाकेल, पण भार पेलणार नाही, आणि कडेने ओल शिरली की पुन्हा तेच सुरू होईल. गंज उतरवणारं ॲसिड किंवा गंजावर लावायचं काळं द्रावण, दोन्ही कामाची आहेत, पण पातळ थरापुरती. जिथे पापुद्रे सुटतात तिथे कापण्यावाचून इलाज नाही.

काम कसं करणार तेही सांगते, म्हणजे तुझा जीव निर्धास्त राहील. बॅटरी सोडली आहे आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली आहे. गाडी सपाटीवर घोड्यांवर उभी आहे, आणि घोडे मजबूत जागी आहेत, सडक्या पेटीखाली नाहीत. दाराच्या फटी मोजून खडूने लिहून ठेवल्या. मग दाराच्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता वेल्ड केला, कारण पेटी कापल्यावर सांगाडा मधून बसला तर दारं पुन्हा कधीच लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापायची आणि ती पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. कापायचं ते चकचकीत, ठणठणीत पत्रा लागेपर्यंत. थोडा खराब भाग राहू द्यावा असा मोह होतो, पण सडक्या कडेला वेल्ड धरत नाही. तार लावताच ती कड जळून भोक मोठं होतं.

कारखान्याचे तयार पत्रे आता मिळणार कुठून? गाडी बनणं बंद होऊन काळ लोटला, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा पुठ्ठ्याचा साचा कापून २० गेजचा सीआर पत्रा अँगलवर लाकडी हातोडीने घडवायचा. जीआय पत्रा मी नको म्हटलं, त्याच्या जस्ताचा धूर वेल्ड करताना छातीत जातो. सीओटू मशीनने आधी दूर दूर टाके घालायचे आणि ते गार झाले की मधले भरायचे. सलग ओढलं तर पातळ पत्रा वेडावाकडा होतो.

एका गोष्टीवर मात्र मी मिस्त्रींशी अडून बसले. त्यांना पत्र्यावर पत्रा चढवून वेल्ड करणं सोपं जातं. मी म्हटलं, जिथे जमेल तिथे कड कडेला भिडवू. जिथे एकावर एक घ्यावाच लागेल तिथे वरचा पत्रा बाहेरून ठेवू, म्हणजे पाणी सांध्यावरून खाली ओघळेल, सांध्यात थांबणार नाही. ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, कौलं अशीच लावतात. अगदी तेच, दादा! आपलं घर इतक्या पावसाळ्यांत टिकलं, ते पावसाशी भांडून नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो कौलं अंगावर घेतात आणि खाली सोडून देतात. ओल आली तरी वाळायला झरोके आहेत. गाडीचा तळही मला त्याच शहाणपणाने बांधायचा आहे.

म्हणून वेल्डिंग झाल्यावर पेटीच्या आतून साध्या रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी प्रायमर जाईल, कारण साध्या प्रायमरमधून ओल झिरपते. सांध्यांना सीलर लागेल. मग नळीने पेटीत पातळ मेण फवारायचं. ते फटीत पसरतं, कडक होत नाही आणि चिरतही नाही. सगळ्यात शेवटी पेटीची आणि दारांची तळातली भोकं पुन्हा मोकळी करायची, मेणाने किंवा रंगाने एकही बुजता कामा नये. हे काम मृगाच्या आधी उरकायचं आहे. बाहेरचा रंग दसऱ्यानंतर. पावसाळी हवेत मारलेला रंग पांढुरतो, आणि गणपतीच्या घाईसाठी मी तो धोका पत्करणार नाही. तू गणपतीला येशील तेव्हा गाडी प्रायमरवरच असेल. फोटोत शोभणार नाही, पण खालून बघितलीस तर तुला समाधान वाटेल.

आता कव्हरचं. कृपा करून पाठवू नकोस. ज्यातून पाणी आत येत नाही त्यातून वाफही बाहेर जात नाही. जमिनीची ओल वर चढते, प्लास्टिकला आतून लागते आणि रात्री गाडीवर टपकते. त्या पैशांत परसात पत्र्याची शेड घालू. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या, खाली कोबा. धूळ बसेल ती फडक्याने पुसता येईल. मॅट पुन्हा चिकटवणार नाही, नुसती अंथरणार. दर पावसाळ्यानंतर ती उचलून उन्हात टाकायची, तळ गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढायचं आणि स्पोकने भोकं टोकरायची. हे काम कुणालाही जमेल. तुझ्या मुलांनाही शिकवेन, कारण पुढे गाडी त्यांच्याच हाती जायची आहे आणि तिची सगळी राखण एवढ्यावरच आहे.

आईला मी हे सगळं सांगितलं नाही, अण्णांच्या डांबराचं तर मुळीच नाही. तूही बोलू नकोस. त्यांनी गाडी जपली म्हणूनच दुरुस्त करण्याजोगं इतकं उरलंय, आणि तेही तितकंच खरं आहे. पैशांचा अंदाज मिस्त्री दुसरी बाजू उघडल्यावर देतील, तो आला की कळवते. शेडची जागा विहिरीच्या बाजूला घ्यायची की गोठ्याच्या, ते मात्र तू आताच कळव. माझं मत गोठ्याच्या बाजूचं आहे, तिकडे वारा खेळता असतो.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई