समोरच्याला चेंडू दिसला पाहिजे

कॉलेजच्या जिमखान्यात टेबल टेनिसची लीग ठरली की नियमांचा प्रश्न बहुधा एका वाक्यात निकालात निघतो: आपण मजेसाठी खेळतोय, फार ताणायचं नाही. या वाक्यामागची भावना चांगली आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते ढिलाई कुठे दिली जाते याच्याशी. टी-शर्ट कुठल्या रंगाचा, बूट कुठले, उशिरा आलेल्याला किती मिनिटांनी बाद करायचे, यांवर आपल्या लीगमध्ये कडक कलमे असतात. सर्व्हिस मात्र कशीही चालते. माझे म्हणणे याच्या बरोबर उलट आहे. हौशी लीगमध्ये बहुतेक नियम सैल करता येतात, पुष्कळसे सैल करावेतही. पण समोरच्या खेळाडूला चेंडू आणि बॅट स्पष्ट दिसण्याचा जो हक्क आहे, तो राखणारे नियम एका केसानेही हलवू नयेत. त्यांत सर्व्हिसचा नियम पहिला. तो सुटला की नवख्या मुलामुलींसाठी म्हणून काढलेली लीग दोन-चार मुरलेल्या खेळाडूंची होऊन बसते.

हे बडोद्यात बसून लिहिताना वेगळा जोर येतो, कारण खेळाचे नियम कागदावर आणण्याचे काम या शहराने शंभर वर्षांपूर्वी मन लावून केले आहे. हुतुतू तेव्हा गावोगाव खेळला जाई, पण एकच खेळ म्हणून नव्हे. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की परत येई, गमिनीत तो बाहेरच बसे, आणि अमरमध्ये बाद होऊनही मैदान सोडत नसे. दोन गावांचे संघ समोरासमोर आले की खेळ सुरू होण्याआधी वाद सुरू होई. १९१८ पासून महाराष्ट्रात नियम बांधण्याचे प्रयत्न चालले होते. १९२३ मध्ये एका समितीने सुधारलेले नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने भरवलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत लागू झाले. खो-खोच्या नियमांतही याच जिमखान्याचा वाटा आहे. प्रा. माणिकराव जुम्मादादा व्यायाममंदिरात संघव्यायाम शिकवत होते ते याच शहरात, आणि द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड संपादित केले तेही इथेच. या मंडळींना व्यावसायिक खेळाडू घडवायचे नव्हते. ज्यांच्यासाठी नियम लिहिले ती साधी, शाळा-कॉलेजांत आणि आखाड्यांत खेळणारी माणसे होती. हौशी खेळाला लिखित नियम नकोत, ही समजूत निदान बडोद्याच्या परंपरेत बसत नाही. उलट, हौशी खेळाडू वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या सवयी घेऊन येतात म्हणूनच त्यांना लेखी नियम जास्त लागतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वसतिगृहांत सुरतचा मुलगा एका पद्धतीने शिकून आलेला असतो, दाहोदचा दुसऱ्या, आणि शहरातल्याच दांडिया बाजारातला तिसऱ्याच.

आता टेबल टेनिसकडे. या खेळाचे नियम जेव्हा जेव्हा मोठ्या प्रमाणावर बदलले, ते बदल का झाले हे पाहिले तर माझा मुद्दा आपोआप पुढे येतो. एक कारण रॅली जिवंत ठेवण्याचे. १९३६ च्या प्राग येथील जागतिक स्पर्धेत अलोयझी एर्लिख आणि फर्कास पानेथ यांच्या सामन्यातला पहिलाच पॉइंट दोन तासांहून अधिक चालला; त्यानंतर जाळी पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणली गेली आणि वेळेची मर्यादा आली. पण दुसरे कारण याहून खोल आहे आणि ते पुन्हा पुन्हा परत येते: प्रतिस्पर्ध्याला काय घडते आहे हे कळले पाहिजे. १९३० च्या दशकात सोल शिफ आणि इतर अमेरिकी खेळाडू सर्व्हिस करताना बोटांनी चेंडूला पीळ देत. चेंडू कुठे वळणार हे समोरच्याला ओळखताच येईना. परिणाम म्हणून बोटांची सर्व्हिस बंद झाली, आणि आज चेंडू उघड्या तळव्यावर ठेवावा लागतो तो याच धड्यामुळे.

यातला सर्वांत बोलका प्रसंग तर आपल्या मुंबईत घडला. फेब्रुवारी १९५२ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोवर सगळे जग दाणेदार रबराच्या बॅटने खेळे. चेंडू बॅटवर आदळला की टक्‌ असा आवाज येई आणि त्या आवाजावरून खेळाडू फटक्याचा वेग जोखत. सातोच्या बॅटवर चेंडू जवळजवळ मुका झाला. नामांकित युरोपीय खेळाडू गोंधळले, आणि अंतिम सामन्यात योझेफ कोत्सियानला हरवून सातो विश्वविजेता झाला. त्याने कुठलाही नियम मोडला नव्हता, कारण तेव्हा बॅटच्या आवरणावर नियमच नव्हता. त्याचे यश मी कमी लेखत नाही. पण नियम करणाऱ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो खरा होता: समोरच्याला कल्पनाच नसलेल्या साधनाने जिंकणे हे कौशल्य मोजावे का? १९५९ मध्ये आवरणाच्या जाडीवर मर्यादा आल्या. पुढे दोन बाजूंना अगदी भिन्न गुणांची रबरे लावून, दोन्ही एकाच रंगाची ठेवून, बॅट हातात फिरवत खेळण्याची युक्ती निघाली. शिवाय बॅटचा आवाज झाकायला सर्व्हिसच्या क्षणी पाय आपटण्याची सवय पसरली. १९८० च्या दशकात दोन्ही थांबवल्या गेल्या. बॅटच्या दोन बाजूंना दोन रंग आले ते तेव्हापासून. २००२ मध्ये खांद्याआड, हाताआड चेंडू लपवून केलेली सर्व्हिस बंद झाली. अर्धशतकाहून अधिक काळाची ही वाटचाल एकाच दिशेने आहे. पेच असावा, फसवा पीळ असावा, वेग असावा, पण तो समोरच्याच्या डोळ्यांदेखत असावा.

सर्व्हिसचा नियम वाचायला लांब वाटतो, करायला सोपा आहे. चेंडू मोकळ्या हाताच्या उघड्या, स्थिर तळव्यावर ठेवायचा. पीळ न देता जवळजवळ सरळ वर फेकायचा, तळव्यापासून निदान १६ सेंटिमीटर. तो खाली येत असताना मारायचा. या सगळ्या वेळात चेंडू टेबलाच्या पातळीच्या वर आणि आपल्या टोकाच्या रेषेच्या मागे असला पाहिजे, आणि चेंडू वर जाताच मोकळा हात चेंडू व जाळी यांच्यामधून बाजूला झाला पाहिजे. आता जिमखान्यात काय दिसते ते पाहा. चेंडू बोटांच्या चिमटीत असतो, हातातून थेट बॅटवर टाकला जातो, टेबलाच्या आत वाकून मारला जातो. यातली प्रत्येक सूट कुणाच्या फायद्याची आहे, हा विचार करावा. हातातून थेट मारलेल्या चेंडूला अनुभवी खेळाडू हवा तसा पीळ देऊ शकतो, आणि समोरच्याला तो वाचायला क्षणभरही मिळत नाही. सोळा सेंटिमीटरची फेक म्हणजे समोरच्याला दिलेला तो क्षण. कुणी म्हणेल की पट्टी घेऊन कोण मोजणार? मोजायची गरज नाही. जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच असते आणि ती दोघांच्या डोळ्यांसमोरच असते. फेक जाळीच्या उंचीहून थोडी जास्त वाटली पाहिजे, एवढा अंदाज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतो. बडोद्याच्याच मानुष शाहने मुंबईच्या दिया चितळेबरोबर २०२५ मध्ये ट्युनिस येथील डब्ल्यूटीटी कंटेंडर स्पर्धेची मिश्र दुहेरी जिंकली. आमची मुले त्यांचे व्हिडिओ पाहून मनगटाचे झटके उचलतात. तळवा कसा उघडतात तेही तिथेच दिसते, तेही उचलावे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की कडक सर्व्हिस मागितली तर नवखे पळून जातील. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा बॅट धरली त्याच्यावर फॉल्टचा मारा केला तर तो पुढच्या आठवड्यात येणार नाही. ही भीती खरी आहे आणि तिचे उत्तर नियमातच आहे. सर्व्हिस वैध आहे की नाही अशी शंका आली तर पंचाने सामन्यात पहिल्यांदा खेळ थांबवून फक्त ताकीद द्यायची असते. त्यानंतरच्या संशयास्पद सर्व्हिसला पॉइंट जातो. उघडउघड चुकीच्या सर्व्हिसला मात्र ताकीद नसते. हौशी लीगने इथे एक पाऊल पुढे जावे: पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना, चूक उघड असली तरी, प्रत्येक गेममध्ये एक ताकीद आणि सर्व्हिस पुन्हा. वीस मिनिटांच्या सरावात शिकता येणारी गोष्ट आहे ही. याउलट लपवलेली किंवा हातातून मारलेली सर्व्हिस परतवायला शिकणे नवख्याला एका सत्रात जमत नाही. नवखा लीग सोडतो तो बहुधा फॉल्टमुळे नव्हे. सलग अकरा पॉइंट जातात आणि त्यांतला एकही नीट खेळायला मिळत नाही, तेव्हा सोडतो. सैल नियमाने आपण त्याच्यावर दया करत नाही, त्याला मुरलेल्या खेळाडूच्या हाती देतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: पंच कुठून आणायचे? चार टेबले, एक संध्याकाळ, आणि पंचगिरी शिकलेला माणूस एकही नाही. इथे नियमातले एक कलम फारसे कुणी लक्षात घेत नाही. सर्व्हिस वैध आहे याची पंचाला खात्री पटेल अशी ती करणे ही सर्व्हिस करणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणजे शंकेचा भार नेमका जो चेंडू फेकतो त्याच्यावर. पंच नसलेल्या लीगसाठी हे कलम वरदान आहे. समोरच्याने ‘दिसला नाही’ म्हटले तर वाद न घालता पुन्हा, अधिक उघडी सर्व्हिस करायची. याचा गैरफायदा घेऊन कुणी प्रत्येक सर्व्हिसला हात वर करील, अशी शंका येणे रास्त आहे. म्हणून अशी हरकत एका गेममध्ये दोनदाच घेता यावी. आणि प्रत्येक सामन्यातल्या हरलेल्याने पुढच्या सामन्याला पंच म्हणून उभे राहावे. जाळीच्या टोकाशी उभे राहून दुसऱ्याची सर्व्हिस पाहिली की स्वतःची आपोआप सुधारते, हा त्यातला जास्तीचा लाभ.

सैल काय करायचे? पुष्कळ काही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचा शिक्का असलेली रबरे हौशी खेळाडूकडून मागू नयेत. ती महाग असतात. फक्त एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या उठावदार रंगाची असावी, आणि सामन्याआधी मागितल्यास बॅट समोरच्याला पाहायला द्यावी. कपड्यांची सक्ती सोडावी. चेंडूच्या रंगात मिसळणारा शर्ट नको, एवढे पुरे. व्हीलचेअरवरच्या खेळाडूसाठी तर मूळ नियमांतच मोकळीक आहे: एकेरीत त्याच्याकडे आलेली सर्व्हिस टप्प्यानंतर बाजूच्या रेषेवरून निघून गेली तर ती लेट धरून पुन्हा करतात, आणि शारीरिक अडचण असलेल्याला सर्व्हिसच्या अटींतही पंच सूट देऊ शकतो. ही कलमे लीगच्या पानावर ठळक छापावीत, म्हणजे अशा विद्यार्थ्याला विनंती करत फिरावे लागणार नाही. ताकदीत फार फरक असेल तर जाहीर करून पॉइंट द्यावेत. ३-० किंवा ४-० पासून सुरू झालेला गेम दोघांनाही झुंजवतो, आणि ती सवलत सर्वांसमोर असते. सर्व्हिसमधली चोरटी सवलत तशी नसते.

गेमच्या लांबीवर वाद बराच होतो. जुन्या पिढीला २१ पॉइंटांचा गेम हवा असतो. २००१ पासून तो ११ चा झाला तेव्हा नशिबाचा भाग वाढला, असे ते म्हणतात. गणित त्यांच्या बाजूने आहे, पण थोडेच. प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता शंभरात पंचावन्न असलेला खेळाडू ११ चा एक गेम साधारण एकोणसत्तर टक्के वेळा जिंकेल, २१ चा साधारण चौऱ्याहत्तर टक्के वेळा. पण ११ चे तीन गेम खेळवले तर तोच खेळाडू सामना सुमारे सत्त्याहत्तर टक्के वेळा जिंकतो, म्हणजे २१ च्या एका गेमपेक्षा किंचित अधिकच. तेव्हा वेळ कमी असेल तर तीन गेमचा सामना ठेवावा; ११ च्या एकाच गेमवर निकाल लावू नये. कंटाळवाण्या ढकलाढकलीवर उपाय नियमांत तयार आहे: दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून १८ पॉइंट झाले नसतील, तर सर्व्हिस एकेका पॉइंटाने बदलते आणि समोरच्याने १३ वेळा चेंडू नीट परतवला की पॉइंट त्याचा. हौशी लीगमध्ये हे क्वचितच लागेल.

बाकीचे वाद अज्ञानाचे आहेत आणि एका फलकाने मिटतात. एकेरीत सर्व्हिस कुठेही टाकता येते, उजवीकडून उजवीकडे हा दंडक दुहेरीचा. टेबलाच्या वरच्या कडेला लागलेला चेंडू बरोबर, खालच्या उभ्या बाजूला लागलेला चूक. टेबलाबाहेर निघून चाललेला चेंडू टप्पा न पडता अंगाला लागला तर पॉइंट अंगाला लागलेल्याचा. मनगटाखालच्या बॅटच्या हाताला लागून गेलेला चेंडू चालतो. मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागाला टेकला की पॉइंट गेला.

बडोद्यातल्या कॉलेजांच्या जिमखाना सचिवांना माझी विनंती आहे की पुढच्या लीगआधी हे सारे गुजराती, मराठी आणि हिंदीत एका पानावर लिहून टेबलाशेजारच्या भिंतीवर लावावे, सर्व्हिसचे कलम सर्वांत वर मोठ्या अक्षरांत घ्यावे, पहिल्या संध्याकाळी वीस मिनिटे फक्त सर्व्हिसचा सराव ठेवावा, आणि पहिल्या सामन्यापासून फॉल्ट द्यायला कचरू नये.