डावा आणि उजवा

मॉरिस मायनरचा एक शॉकअप मिळतो, जोडी मिळत नाही. दुकानदार दोन नग देतो, पैसे दोन नगांचे घेतो, पण त्या दोघांनी जन्मात एकमेकांचं तोंड बघितलेलं नसतं. एक कोलकात्याच्या मलिकबाजारातून आलेला असतो, कुठल्याशा बेबी हिंदुस्थानच्या अंगावरचा. दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारात पोत्यावर, नळाच्या तोट्या आणि बिनकिल्लीच्या कुलपांच्या शेजारी पडलेला. दोन्ही आर्मस्ट्राँगचेच, दोन्हींवर गंजही सारखाच. व्हाइसमध्ये धरून दांडी हलवली की कळतं, एक नुसताच खाली येतो आणि दुसरा येतच नाही.

मलिकबाजारच का, तर हिंदुस्थान मोटर्सनं उत्तरपाड्याला मायनर बांधली ती बेबी हिंदुस्थान या नावानं, त्यामुळं तिचं भंगारही त्याच बाजूला जास्त. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला आणि कुर्ल्याला विचारून झालं की माणूस शेवटी कोलकात्याला फोन लावतो. इंग्लंडात या गाडीची चैन आहे. १९४८ ते १९७१ अशी ती निघत होती आणि दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. तिथं ओव्हरहॉल केलेले शॉकअप आजही घरपोच मिळतात. पण तो व्यवहार अदलाबदलीचा. आपला जुना नग परत पाठवायचा, नाहीतर अनामत गेली. तेल गळणारा नग कोल्हापुरातून विलायतेला पाठवायचा आणि येणाऱ्यावर कस्टम भरायचं, एवढा हिशोब ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, तुम्हीच बघा की."

मग मी बघतो. आयुष्यभर हेच बघत आलोय.

फियाट असती तर हे लिहायची वेळच आली नसती. तिचा शॉकअप नळीचा. खराब झाला, काढला, दुसरा घातला. मायनर काढणाऱ्या इसिगोनिस साहेबांनी पुढच्या चाकाला मोठी काटकसर करून ठेवलीय. शॉकअपची दांडी हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म. खाली टॉर्शन बारचा आर्म, वर शॉकअप, मध्ये किंगपिन. शॉकअप काढून ठेवला तर चाकाला वरून धरणारं कुणी राहत नाही. शाफ्ट दोनचार थाऊ ढिला झाला की तेल गळतं, ते फरशीवर दिसतं. त्याच ढिलाईनं चाक वरच्या बाजूला डुगडुगतं, ते कुणाला दिसत नाही. मालक अलाइनमेंटवाल्याकडं चकरा मारतो, टायर बदलतो, स्टिअरिंगला शिव्या देतो, आणि बॉनेटखाली शॉकअप निवांत बसलेला असतो.

या कामात माझ्याशिवाय आणखी दोन प्रकारची माणसं आहेत. पहिले कापणारे. ते ब्रॅकेट वेल्ड करतात आणि शेजारी नळीचा शॉकअप टांगतात. जुना नग आतला व्हॉल्व्ह काढून नुसता बिजागरी म्हणून जागेवर ठेवतात. हे विलायतेतही करतात आणि तत्त्वानं त्यात वाईट काही नाही. मी नाक मुरडतो ते वेगळ्या कारणासाठी. ज्या ढिल्या शाफ्टमुळं सगळं रामायण झालं तो तसाच ठेवून वर नवी नळी लावायची, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की आता गाडी मॉडर्न झाली. दुसरे नव्वद नंबरवाले. पुस्तकात या शॉकअपला आर्मस्ट्राँगचंच ६२४ नंबरचं पातळ तेल सांगितलंय आणि ते नसेल तर वीस ग्रेडचं. हे लोक त्यात ९० नंबरचं गिअर ऑइल ओततात. गिऱ्हाईक मडगार्डवर हात ठेवून गाडी दाबून बघतं, गाडी हलत नाही, गिऱ्हाईक खूश. महिन्याभरात खड्ड्यात चाकाला वर जायला वाटच मिळत नाही, धक्का थेट बॉडीत जातो आणि शॉकअपचे बोल्ट ढिले होऊन गाडी कुरकुरायला लागते. तोवर बिल फिटलेलं असतं. ब्रेक ऑइल भरणाराही एक होता, पण त्याच्याबद्दल लिहून शाई का घालवा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पूर्वी असल्या कामाला माणूस शोधावा लागत नव्हता. ऑइल इंजिनचं कुठलंही भोक बोअर करणारा, बुश ठोकणारा, शाफ्टला पॉलिश मारणारा एकाच गल्लीत सापडायचा आणि मध्ये चहाचं दुकान. आज त्याच गल्लीत सीएनसी आहे. मी नग घेऊन जातो. पोरगा विचारतो, "किती हजार पीस, काका?" मी म्हणतो, "दोन." तो हसतो, पण वाईट वाटू नये म्हणून चहा पाजतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

कामाचा जो भाग लोकांना अवघड वाटतो तो मला कधी वाटला नाही. दांडी शाफ्टच्या दात्यांवर दाबून बसवलेली असते. पुलर लावला की दांडी येते, पण दाते सोलून येते. ती न सोलता काढायची माझी एक पद्धत आहे. प्रेस सगळ्यांकडं असतो, गॅसही असतो. कुठं किती गरम करायचं आणि नेमकं कधी थांबायचं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. बॉडीत गनमेटलचा बुश घालणं, सीलला जागा करणं, ही कामं हात चालत असेल तर होतात. अडतं ते पुढं. दोन्ही नग कोरडे झाले, घट्ट झाले, तेल भरलं, हवा काढली. आता डावा आणि उजवा सारखे आहेत का?

सारखे नसतातच. आत दोन पिस्टन शेजारी शेजारी. दांडी वर गेली की तेल एकातून दुसऱ्यात जातं, खाली आली की परत येतं, आणि जाता-येता ते व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमधून वाट काढतं. चाक वर जाताना हलकं, परत खाली येताना जड, अशी ती रचना. पन्नास-साठ वर्षांत स्प्रिंग बसलेली असते, व्हॉल्व्हच्या कडेवर कचऱ्यानं ओरखडा पाडलेला असतो, मागच्या कुठल्या मेकॅनिकनं खाली एक वायसर जास्त घातलेला असतो. त्यातून आपल्याकडची डावी बाजू आधी मरते. समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरतं, परत वर चढतं, आणि हे रोज. दोन नग वेगवेगळ्या गाड्यांतून आलेले, त्यांचं आयुष्य वेगळं गेलेलं. एक मऊ आणि एक कडक असेल तर गाडी वळणावर एका बाजूला शहाण्यासारखी आणि दुसऱ्या बाजूला वेड्यासारखी वागते, आणि चालवणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. दोन्ही मेलेले बरे, त्याची सवय तरी होते.

मी स्प्रिंगखाली पातळ वायसर घालतो, काढतो, स्प्रिंग बदलतो, परत तेल भरतो, परत हवा काढतो, व्हाइसमध्ये धरतो आणि दांडी वर-खाली करतो. आधी डावा, मग उजवा. हाताला जे लागतं त्यावर ठरवतो. या हातावर माझं नाव झालं. पुणे-मुंबईचे रॅलीवाले आले की मी मुद्दाम त्यांच्यासमोर डोळे मिटून दांडी हलवायचो. डोळे मिटायची काही गरज नसते. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक येते तेव्हा लोक गाडीत कोण बसलंय ते बघतात, मी चाक किती उसळतंय ते बघतो. ती गाडी माझ्याकडं कधी आली नाही, येण्याचं कारणही नाही. पण कधीतरी बोलावणं येईल म्हणून इतकी वर्षं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत उभा राहिलोय, तेही सांगून टाकतो.

मधुमेह झाला, मग उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर म्हणतात. खांदा निम्मा सुटला, पण बोटांच्या टोकांना बधिरपणा राहिला. मी कुणाला बोललो नाही. काम चालू होतं, गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती.

आयटीआयमधून एक पोरगी कामाला आलीय. मेकॅनिक मोटर व्हेइकल केलेली, बोलायला कमी. सांगलीच्या एका डॉक्टरांची मायनर आली होती, आजोबांची, तिचे पुढचे दोन्ही नग मी बांधले. सकाळी तपासले आणि म्हणालो, "उजवा जड आहे, एक वायसर काढ." तिनं काढला नाही. दुपारी जेवण झाल्यावर नग हातात दिले ते उलट क्रमानं, आधी उजवा, मग डावा. मी दांड्या हलवल्या आणि ठासून सांगितलं, "डावा जड आहे."

ती म्हणाली, "मामा, सकाळी तुम्ही उजवा म्हणालासा. दुसरा येतोय तोच जड लागतोय तुम्हाला."

पहिल्या नगावर खांदा दमतो, दुसरा जड लागतो. एवढंच. मला राग आला तो ती बरोबर होती म्हणून नाही. तिनं हे कुणासमोर केलं नाही, शटरजवळ कुणी नसताना केलं, त्याचा राग आला. म्हणजे पोरीला माझी दया आली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भंगारातून तराजूचं दहा किलोचं माप आणलं. दांडीच्या टोकाला टांगलं, मागं फळी उभी केली, फळीवर खडूनं दोन रेघा मारल्या. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत माप उतरायला लागणारा वेळ मोबाइलवर. डाव्याचा एक आकडा, उजव्याचा दुसरा. वर जाण्याची बाजू तपासायला मी म्हटलं नग उलटा धर. ती म्हणाली उलटा धरला तर वरची हवा व्हॉल्व्हमध्ये येईल. हे मला माहीत होतं, तिला माहीत आहे का ते बघत होतो, असं मी म्हणालो. तिनं वरच्या तुळईला कप्पी बांधली, दोरी ओवली आणि तेच माप दुसऱ्या टोकाला टांगून दांडी वर ओढून घेतली. नग सरळच राहिला.

मी हरकत काढली, आणि ती खरीच आहे. माप सावकाश उतरतं. सावकाश जाणारं तेल व्हॉल्व्हच्या बारीक वाटेनं जातं, स्प्रिंग उचलली जातच नाही. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा तेल एकदम येतं, स्प्रिंग उघडते, आणि खरी परीक्षा तिथं असते. हातानं झटका देता येतो, मापानं नाही. तुझ्या घड्याळात सारखे आलेले दोन नग खड्ड्यात वेगळे वागतील. ती काही बोलली नाही. शेजारच्या फौंड्रीतून पंचवीस किलोचा तुकडा उचलून आणला आणि तो टांगला. दहा किलोवर दोन नग जवळजवळ सारखे होते, पंचवीसवर डावा पुढं पळाला. त्याची स्प्रिंग बसली होती. माझं म्हणणं खरं ठरलं ते तिच्या मापानं. आनंद मानावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती वहीत लिहिते. दहावर इतकं, पंचवीसवर इतकं, वर, खाली, आणि पुढं सकाळ की दुपार. मे महिन्यात दुपारी तेल इतकं पातळ होतं की तोच नग सकाळपेक्षा लवकर उतरतो, म्हणून डावा सकाळी आणि उजवा दुपारी असं चालत नाही. हे मला हातानं कधी कळलं नव्हतं, कारण हातही दुपारी वेगळा असतो. पण गिऱ्हाईक आलं की कप्पीवर गोणपाट टाकायचं, असा मी दंडक घातलाय. त्यांच्यासमोर मी दांडी हलवतो. हल्ली डोळे मिटत नाही एवढंच.

डॉक्टरांच्या गाडीवरून आमचं वाजलं. तिच्या वहीप्रमाणं दोन्ही नग सारखे झाले. मी म्हणालो, सारखे नकोत. डॉक्टर नेहमी एकटे चालवतात आणि अंगानं दांडगे आहेत, सगळं वजन उजवीकडं. पाऊण टनाच्या गाडीत तेवढं वजन कमी नसतं. उजव्याचा परतीचा जोर थोडा वाढवू, डावा साइडपट्टीवर मार खातो तेव्हा त्याची वर जायची वाट थोडी मोकळी ठेवू. मेजावर सारखं असलेलं रस्त्यावर सारखं नसतं, हे मी तिला नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बाईसाहेब शेजारी बसल्या तर?"

नग वहीप्रमाणं बसवले. डॉक्टर पन्हाळ्याला जाऊन आले, शटरसमोर गाडी लावली, उतरले, आणि म्हणाले, "मिस्त्री, झकास. फक्त डावी बाजू किंचित कडक लागतेय."

मी पोरीकडं असं बघितलं की त्यात सगळं आलं. ती उठली, आत जाऊन हवेचा गेज घेऊन आली आणि डाव्या टायरला लावला. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यानं त्यात वाट्टेल तेवढी हवा भरली होती. तिनं ती सोडली, डॉक्टर एक चक्कर मारून आले, आता ठीक आहे म्हणाले, पैसे देऊन गेले. पण ती गेज आणायला आत गेली होती तेवढा वेळ मला फार बरं वाटलं होतं.