ऑक्सला काय लावायचं?

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नोकरीच्या काळात मस्कतहून आणलेला जपानी रिसीव्हर आमच्या पुण्यातल्या घरात शोकेसचा एक अख्खा खण अडवून बसलाय. कॅसेट डेक कधीच बंद पडला, रेकॉर्ड प्लेअर नात्यात कुणाला तरी देऊन टाकला. उरला रेडिओ. पण ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लावलं, की गाण्यापेक्षा घरातल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरांचीच खरखर जास्त. गाणी आता सगळ्यांच्या फोनमध्येच असतात, तेव्हा फोन याला जोडायचा, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कसा जोडायचा, यावरून मात्र रोज रात्री जेवताना चर्चा रंगायची.

टॉर्च धरून मागची बाजू पाहिली. लाल-पांढऱ्या सॉकेटच्या जोड्या, आणि त्यांवर फोनो, टेप, ऑक्स अशी नावं. यातली फोनो सोडून द्यायची, हे अण्णांनी आधीच बजावलं. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तार जास्त ठेवलेली असते. फोनोचं सर्किट तो सिग्नल कितीतरी पटींनी वाढवतं आणि खर्ज-तारेचा तोल पूर्ववत करतं. फोनमधून येणारा सिग्नल मुळातच शेकडो मिलिव्होल्टचा. तो तिथे घातला तर आवाज फाटणार आणि नुसता घुमणार. ऑक्स आणि टेप मात्र या कामाला सारख्याच.

मी तारेच्या बाजूची. तापकीर गल्लीत गेले, तर ‘एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना’ एवढं सांगितल्यावर दुकानदाराने मान वर न करताच वायर काढून दिली. अडचण पुढेच होती. माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. २०१६ साली आयफोन ७ मधून ते गेलं आणि मग बाकीच्यांनीही एकेक करून काढून टाकलं. म्हणजे टाइप-सीची छोटी जोडपिन आली. दुकानदाराने दिसायला अगदी सारख्या अशा दोन काउंटरवर ठेवल्या. स्वस्तातली माझ्या फोनला लावली, तर फोनला त्याचा पत्ताच नाही. “ताई, हिच्यात नुसत्या तारा आहेत. तुमच्या फोनला चिपवाली लागेल,” तो म्हणाला. काही फोन त्या सॉकेटमधून थेट ॲनालॉग आवाज बाहेर देतात, तिथे तारांवर भागतं. बाकीच्यांना डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप जोडपिनीतच हवी. अशा वस्तू दुकानात लावून बघूनच घ्याव्यात, डबीवर हा फरक धड लिहिलेला नसतो.

घरी येऊन फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवला आणि कमी-जास्त करायला रिसीव्हरचा नॉब ठेवला. उलटं केलं, म्हणजे फोन हळू आणि नॉब मोठा, तर गाण्याबरोबर तारेतली सळसळही मोठी होते. कुमार गंधर्व लावले. दोन आलापांमधल्या जागेत तानपुरा इतका स्वच्छ ऐकू आला, की अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. तेवढ्यात बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावला आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू. चार्जर काढला की बंद, लावला की चालू. चार्जरमधला विजेचा गोंगाट वायरच्या जमिनीच्या तारेवाटे रिसीव्हरमध्ये शिरत होता. मध्ये बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो, आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात. पण स्वस्तातला घेतला तर तो खर्जही थोडा खातो. मी तो घेतला नाही.

नवऱ्याचं मत ब्लूटूथ. त्याने आगपेटीएवढा रिसीव्हर आणला, मागे टेपला जोडला आणि सोफ्यावर आडवा होऊन गाणी बदलू लागला. आवाजाचं म्हणाल तर ब्लूटूथ गाणं आणखी एकदा दाबून पाठवतं. एसबीसी, एएसी, ॲपटेक्स, एलडॅक या त्याच्या पद्धती. दोन्ही टोकांना जी येते, तीच चालते. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं, पण आयफोनला ते येतच नाही. खरं सांगायचं तर आमच्या हॉलमध्ये, पंखा चालू असताना, हा फरक मला क्वचितच कळला. अण्णांना तर अजिबात नाही.

कळला तो वेगळाच त्रास. आलाप चालू असताना सोसायटीच्या ग्रुपवरचा ‘टिंग’ दोन मोठ्या स्पीकरांतून. आईंचा फोन जोडलेला असताना मावशींचा कॉल आला, तर रिंगटोनने त्या स्वतःच दचकल्या. मुलाने हार्मोनियमचं ॲप लावलं, तर बोट आधी आणि सूर मागाहून. आणि एका दुपारी रिसीव्हरमधून कुणीतरी पनीर मॅरिनेट कसं करायचं ते सांगू लागलं. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी आमचा डबा स्वतःचा स्पीकर समजून जोडला होता.

वाय-फायवर चालणारी यंत्रं यातून सुटका करतात. गाणं फोनवरून जात नाही, यंत्र स्वतःच इंटरनेटवरून घेतं आणि फोन उरतो नुसता रिमोट. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आलं नि २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं, आता इतरांची मिळतात. पण अण्णांची अर्धी गाणी म्हणजे कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली. त्यासाठी हजारो रुपये घालायला माझा जीव होईना.

शेवटी कपाटातला माझा जुना फोन काढला. काच तडकलेली, पण हेडफोनचं भोक शाबूत. सिम नाही, व्हॉट्सॲप नाही, म्हणून टिंग नाही. अण्णांच्या फाइली त्यात भरल्या आणि तो तारेने ऑक्सला कायमचा जोडला. घरच्या वाय-फायवर असल्याने स्पॉटिफायवर माझ्या हातातल्या फोनवरून त्यालाच ‘डिव्हाइस’ म्हणून निवडता येतं. चार्जिंग रात्री, रिसीव्हर बंद असताना. सकाळी काढून ठेवायचं, नाहीतर जुन्या बॅटऱ्या फुगतात.

ब्लूटूथचा डबा टेपवर तसाच आहे. पाहुण्यांना त्यांची गाणी लावायची असली की नवरा सिलेक्टर तिकडे फिरवतो. अण्णा जाता-येता तो परत ऑक्सवर आणून ठेवतात, मग कुणी ऐकत बसलेलं असलं तरी.