दांडीवरची खूण

विकणारा म्हणाला होता, "गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं." कोणाच्या, ते मी विचारलं नाही. गाडी जीप चेरोकी, 2000 सालची, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि आयसिन-वॉर्नरचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. शारजात राहून दर हिवाळ्यात बदायरच्या वाळूच्या टेकड्यांवर तिला घुसवायची मला खोड. वाळूत गाडी रुतली आणि आपण ॲक्सिलरेटर दाबत राहिलो की जोर चाकापर्यंत पुरता पोचतच नाही. इंजिन आणि बॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर नुसता घसरतो आणि तो वाया गेलेला जोर उष्णता होऊन ऑइलमध्ये मुरतो. त्या हिवाळ्यात दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना ती अडखळायला लागली, तेव्हा मला त्या आयुष्यभराची आठवण झाली.

ऑइल बदलायला हवं होतं, पण आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाना काढला तरी वॉचमन धावत येतो. म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या खानसाहेबांचं अंगण मागून घेतलं. हात मीच काळे करणार, हे आधीच ठरवलं होतं.

बॉक्सच्या तळाचा नट उघडला तेव्हा पातेल्यात कोरा चहा पडावा तसं ऑइल आलं. जळका वास नव्हता, तेवढा जीव भांड्यात पडला. खालच्या ऑइल चेंबरचे दहा नंबरचे वीसेक बोल्ट काढले, तरी चेंबर जागचं हलेना. त्याला पॅकिंग नसतंच, सिलंट लावून चिकटवलेलं असतं. पातळ पात कडेने सरकवत, हलक्या हाताने ठोकत तासभर गेला. पात खोल घालून चालत नाही, आत वरच्या बाजूला ऑइलच्या नळ्या असतात. शेवटी ते सुटलं ते एका कोपऱ्यातून, आणि तळाशी राहिलेलं ऑइल माझ्या कानात. खानसाहेब हसले नाहीत, पण चहा मागवायला जरा लांब गेले.

तळाच्या लोहचुंबकांवर राखाडी लोण्यासारखा थर होता. बोटांत चोळून पाहिला: कण लागला नाही, चकाकी नाही. झिजेची पूड एवढी तर असायचीच. नखाला तुकडे लागले असते तर पुढचा खर्च वेगळा होता. जुनी फिल्टरची जाळी काढून नवी बसवली, दोन्ही कडा घासूनपुसून सिलंट लावलं, बोल्ट बेताने आवळले. ॲल्युमिनियमचे आटे गेले की रडून उपयोग नाही.

नवं डेक्सरॉन ऑइल लालभडक, थेट कोकम सरबत. निघालं होतं ते मापून ठेवलं होतं, चार लिटरच्या आसपास. ऑइलची पातळी बघायच्या दांडीच्या नळीतून लांब नरसाळ्याने तेवढंच ओतलं. इथवर सगळं शहाण्यासारखं. मग मी दांडी बाहेर काढून पाहिली. ऑइल खुणेच्या खूप वर! घाबरून पिचकारीने लिटरभर परत ओढून काढलं, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. काहीच नाही. दोन-तीन सेकंदांनी धक्का देऊन ती मागे सरकली, आणि माझ्या पोटात गोळा आला.

"बंद इंजन पे नापा?" खानसाहेबांनी एवढंच विचारलं.

इंजिन बंद असलं की कन्व्हर्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं, पातळी फुगलेली दिसते. हे मी वाचलेलं होतं. काढलेलं लिटर परत ओतलं, वीस मिनिटं फिरवून बॉक्स गरम केला. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवला आणि पार्कमध्ये आणला. मग दांडी पुसून बुडवली. ऑइल बरोबर गरमच्या खुणेवर. मापून ओतलेलंच खरं होतं.

पण चेंबर उघडून निम्मंच ऑइल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बसून राहतं. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तिथेच गेलो आणि फक्त नट उघडला. यावेळी खाली पडलं ते कोकमही नव्हे, चहाही नव्हे. मी बाटली मापायला घेतली, तर खानसाहेबांनी आधी दांडी उचलून स्वतःच्या खिशात ठेवली.