आधी महाजन कोण ते पाहा

‘५५० परमिशन डिनाइड.’ वेबसाईटवर फाईल चढवताना ही ओळ दिसली की बहुतेक मंडळी पासवर्ड तपासायला धावतात. अहो, पासवर्ड बरोबर आहे म्हणून तर सर्व्हरने आत घेतलं! आत घेणं वेगळं आणि हात लावू देणं वेगळं. गोंयकाराला हे काय सांगायचं? देवळात शिरलो म्हणून गर्भकुडीत पाऊल टाकता येत नाही आणि महाजनांच्या सभेत मतही देता येत नाही.

एफटीपीची मूळ रीत १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिली. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा माणूस तेव्हा एमआयटीत होता. पण एफटीपी फक्त हमाल. हक्क ठरवते ती सर्व्हरची युनिक्स घराण्यातली व्यवस्था. तिच्यात तीन वर्ग: मालक, गट आणि इतर. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. फोल्डरच्या बाबतीत हा १ म्हणजे उंबरठा ओलांडायची मुभा.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या साईटवर जुन्या नाटकांचे फोटो आहेत. एका फोटोखाली स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाचं नाव चुकलं होतं आणि ते चित्रातच छापलेलं. त्यांची पत्नी, वय नव्वदीच्या घरात, मला म्हणाली, “पुता, तितलें नांव बदल मरे.” दुरुस्त फोटो चढवायला गेलो, तर ५५०.

होस्टिंगवाल्याचा सल्ला तयार होता: “सर, ७७७ करून टाका.” म्हणजे सगळ्यांना सगळं. सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात चोर शिरला, तर त्यालाही आमच्या घराची किल्ली! शिवाय तो उपाय चाललाच नसता, कारण परवानगी बदलायचा हक्क फक्त मालकाला किंवा रूटला असतो.

आणि मालक आम्ही नव्हतोच. हे फोटो पूर्वी साईटवरच्या फॉर्ममधून चढवलेले. त्या वाटेने आलेली फाईल वेब सर्व्हरच्या नावावर लागते. इथे ते नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. एफटीपीने शिरणारे आम्ही तिच्यासाठी ‘इतर’. परवानगी ६४४, म्हणजे आम्हाला नुसतं दर्शन.

होस्टिंगवाल्याकडून मालकी आमच्या खात्यावर करून घेतली आणि गट वेब सर्व्हरचा ठेवला. फोल्डर २७७५, फाईल ६६४. पुढचा तो २ असला की नवी फाईल आपोआप फोल्डरच्याच गटात जाते. दोन्ही वाटांचा युमास्क ००२ करायला सांगितला, नाहीतर नव्या फाईलवर गटाला लिहिताच येत नाही. आता साधं एफटीपीही सोडलंय, त्यात पासवर्ड उघडा जातो. एसएफटीपी वापरतो, हक्कांचं गणित मात्र तेच.

तेव्हा मंडळी, ५५० आला की आधी फाईल जागेवर आहे का पाहा, मग मालकाचं नाव वाचा. आकड्यांची पाळी त्यानंतर.

नाव बदललं. आजींनी ते नातवाकडून तीनदा वाचून घेतलं.