एकट्या कंठाचें गाणें

जोडी मोडली म्हणजे मागें राहणाराचें काय होतें, हा प्रश्न आम्हांस अलीकडे फार छळतो. निमित्त झालें तें नातीनें ऐकविलेल्या एका अमेरिकन गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेचें. आमचे कान कीर्तनांत मुरलेले. तिकडील ‘कंट्री’ नामक ग्रामीण ढंगाच्या गीतांशीं त्यांचा परिचय तो काय असणार? परंतु त्यामागील कथा कळली, आणि ती मुद्रिका आम्हींच पुन्हां लावावयास सांगितली.

नेओमी जड व वायनोना जड या केंटकीच्या मायलेकी. माता परिचारिकेचें काम करी. १९८३ सालीं त्यांचें पहिलें गीत प्रसिद्ध झालें, आणि पुढें त्यांचीं १४ गीतें त्या संगीताच्या लोकप्रियतेच्या यादींत अग्रस्थानीं पोंचलीं. मुख्य गळा लेकीचा. माता तिच्या स्वरास स्वराची जोड देई. पुढें नेओमीस यकृताचा दुर्धर विकार जडला. १९९१ च्या डिसेंबरांत उभयतांनीं निरोपाची मैफल केली. लेक तेव्हां २७ वर्षांची. १९९२ च्या मार्चांत तिची एकटीची पहिली मुद्रिका, तिचेंच नांव धारण करून, बाहेर पडली. तींतील तीन गीतें ओळीनें पहिल्या स्थानीं गेलीं, आणि खप ५० लाखांच्या घरांत पोंचला.

वाचकहो, आमचीही अशीच एक जोडी होती. रामनवमीच्या उत्सवांत आम्ही कीर्तनास उभे राहत असूं, व आमचे वडील बंधू मागें झांज घेऊन झील धरीत. आख्यानें त्यांनींच शिकविलेलीं. पण पुढें उभें केलें तें आम्हांस. १९९७ सालीं दादांस पक्षाघात झाला, वाचा गेली. त्या दिवसापासून आम्हीं कीर्तन सोडलें. लोक म्हणत, ‘बंधुप्रेम असावें तर असें!’ खोटें कां बोला, तें ऐकून आम्हांस बरेंही वाटे. दादा मात्र चैत्र आला कीं चालत्या हातानें अंथरुणावर ताल धरीत आणि आमच्याकडे पाहत. त्या पाहण्याचा अर्थ ‘ते दिवस आठवतात’ असा आम्हीं लावला. ‘तूं ऊठ’ असा तो होता, हें त्यांच्या पश्चात् वहिनींनीं सांगितलें. आठ वर्षें त्यांनीं वाट पाहिली. शब्दांचा अर्थ विद्यार्थ्यांस सांगण्यांत आमचा जन्म गेला. घरांतील एका दृष्टीचा अर्थ मात्र आम्हांस लागला नाहीं.

त्या मुलीनें गाणें सोडलें असतें, तर जगानें तीही मातृभक्तीच मानिली असती. ती गात राहिली. ३० एप्रिल २०२२ रोजीं नेओमी निवर्तली. दुसरेच दिवशीं त्या संगीताच्या सन्मानमंदिरांत दोघींचा प्रवेश व्हावयाचा होता. लेक त्या समारंभासही उभी राहिली. आपण ज्यास निष्ठा म्हणतों, तींत भित्रेपणा किती, हें एकदां तपासून पाहावें.

नंतरच्या रामनवमीस आम्ही देवळांत एकटे उभे राहिलों. इतक्या वर्षांनीं गळा गंजलेला. ध्रुवपदाशीं तर मागील स्वराची वाट पाहत क्षणभर थांबलोंच. तरी आख्यान पुरें केलें. घरीं परततांना वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, उशीर केलात.”