पुडीतली पांढरी गोळी

आमच्या तीर्थपुरी भागातल्या ऊसतोडीच्या घरांत गुडघेदुखीवर 'पुडी' घेणारी माणसे मला नेहमी भेटतात. बारीक पांढऱ्या गोळ्या, कागदावर नाव नाही. दोन दिवसांत माणूस चालू लागते, मग विचारणार कोण?

माझ्या आत्यानेही त्या वर्षभर घेतल्या. तोंड गोल झाले, गाल भरले. बाया म्हणत, "आत्याबाईनं अंग धरलं बरं का!" हातपाय काटकुळे, कातडी पातळ, जरा लागले की काळेनिळे, हे कुणी पाहिले नाही. मग कुणीतरी "विषारी हाय, फेक" म्हणाले आणि तिने पुडी उकिरड्यावर टाकली. चार दिवसांत उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली. जालन्याला नेले. डॉक्टरांनी शिरेतून औषध दिले ते स्टिरॉइडच, आणि गोळीही पुन्हा सुरू केली! घरचे चिडले. मी समजावून घेतले.

ग्रंथींनी रक्तातून धाडलेला निरोप म्हणजे हार्मोन. इन्सुलिन हे असेच एक. बाबासाहेबांना मधुमेहापायी ते टोचून घ्यावे लागे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल करतात. ताप, जखम, उपासमार यांत रक्तदाब व साखर ते सावरते. स्टिरॉइडची गोळी त्याचीच नक्कल. 1948 साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन देऊन संधिवाताने जखडलेल्या बाईला चालते केले. 1950 चे नोबेल त्यांना आणखी दोघांसह मिळाले. औषध वाईट नाहीच.

आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी मागणीपत्र धाडते, तेव्हा खालचे भांडार कॉर्टिसॉल देते. गोळीने बाहेरून माल येत राहिला की मागणीपत्र थांबते आणि भांडार ओस पडते. मग गोळी एकाएकी बंद केली, तर बाहेरचा माल नाही आणि घरचाही नाही. भांडार पुन्हा चालू व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून मात्रा हळूहळू उतरवायची असते.

तेव्हा भगिनींनो, घरात अशी पुडी असेल तर ती फेकू नका. घेऊनच सरकारी दवाखान्यात जा. किती दिवस, रोज किती, हे सांगा. मधुमेह असल्यास आधी सांगा, कारण स्टिरॉइडने साखर वाढते. 2021 च्या कोरोना लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे गेले, त्यांतल्या अनेकांना मधुमेह होता आणि स्टिरॉइडही दिलेले होते.